रीळ संपल्यावरची क्लॅरिनेट

माझ्या नावावर आयुष्यात एकच कॅसेट आहे. तिच्या वेष्टणावर मी पियानोपाशी बसलो आहे. अंगात उसना कोट, हनुवटीखाली मूठ, आणि चेहरा असा, की जगातलं सगळं संगीत ऐकून मी आताच हात धुतले. वर मोठ्या अक्षरांत माझं नाव, खाली बारीक अक्षरांत ‘आणि साथीदार’. साथीदार दोनच होते. त्यांची नावं छापायला जागा उरली नाही, असं मी तेव्हा लोकांना सांगायचो. जागा भरपूर होती. नुसत्या कोटानंच अर्धं वेष्टण अडवलं आहे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं गाव सिंदेवाही आणि नोकरी कोरपन्याला, प्राथमिक शाळेत. पण धान घरात आलं की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात, नाटकांचा सीझन सुरू व्हायचा आणि सुट्टी धरून मी ऑर्गनवर बसायला धावायचो. पेटी मी आमच्या विहारात वडिलांच्या शेजारी बसून शिकलो होतो. ऑर्गन मात्र मिरवायला शिकलो. हा ऑर्गन म्हणजे पायानं सारखा भाता मारायचा आणि हातानं वाजवायचं. पाय थांबला की सूर गेला.

नाटकांबद्दल काय सांगावं? नायक दर अंकात एकदा तरी आईच्या पायांवर पडायचा, आणि पडल्यावर लोकांनी ‘वन्स मोअर’ दिला तर उठून परत पडायचा. नट पाठांतराच्या भानगडीत पडत नसत. त्या सगळ्या गोंधळाला आम्ही सावरायचो, म्हणजे ऑर्गन, तबला आणि क्लॅरिनेट. रंगमंचाच्या पुढे खड्ड्यात बसून आम्ही विंगेकडे डोळा ठेवायचो. तिथं कंपनीचा एक माणूस उभा असे. त्यानं हात वर केला की त्याचा अर्थ एकच: नट तयार नाही, वाजवत राहा. दोन्ही हात वर करून हलवले तर समजायचं की आत मोठाच घोळ आहे, मिशी सापडत नाही किंवा जमीनदार झालेला नट नेमका ऐनवेळी शेताकडे गेला आहे, तेव्हा आणखी जोरात वाजवा. हात खाली आला की थांबायचं. हात वर असताना थांबलेल्या वादकाला पुढच्या सीझनला कोणी विचारत नसे. हा नियम आमच्या हाडांत मुरला होता.

कोरपन्याच्या बाजूला तेव्हा सिमेंटचा एक कारखाना नवाच उभा राहिला होता. त्याच्या साहेबलोकांच्या क्लबात एक पियानो होता. वाजवणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यावर फुलदाणी ठेवत. क्लबाचे व्यवस्थापक गोव्याकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. नाटक नसेल त्या रविवारी त्यांनी मला पियानोवर हात चालवू दिला. अट एवढीच, की साहेबांच्या बायका आल्या तर सिनेमाची गाणी वाजवायची. त्या बायका म्हणायच्या, ‘मास्तर, काहीतरी छान वाजवा ना,’ आणि मी छान वाजवायला लागलो की बोलायला सुरुवात करायच्या. मी मनात म्हणायचो, गाढवाला गुळाची चव काय! पण त्यांनी दिलेली समोशाची बशी मी कधी परत पाठवली नाही.

त्या व्यवस्थापकांनी एकदा मला एक एलपी ऐकवली. ते जाझ होतं. पियानोवाला मुख्य, सोबत चौघं. आधी सगळे मिळून एक चाल वाजवत, मग पाळीपाळीनं प्रत्येक जण त्या चालीवर आपल्या मनाचं सांगे, आणि शेवटी सगळे परत चालीवर येत. संगीत मला आवडलंच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आवडलं ते कव्हर. पियानोवाल्याचा एवढा मोठा फोटो! आमच्या झाडीपट्टीच्या हँडबिलावर नटांची नावं, नट्यांची नावं, नेपथ्यवाल्याचं नाव, उद्घाटक सरपंचांचं नाव, आणि तळाशी जमलं तर ‘संगीतसाथ उत्तम’. त्या दिवशी माझ्या डोक्यात हवा गेली. मला जाझची कॅसेट काढायची होती, आणि बँडचा म्होरक्या मी असणार होतो.

आमच्या तबलजीला मी ही थोर कल्पना सांगितली. तो सिंदेवाहीच्या भातसंशोधन केंद्रात मजुरीला होता. दिवसभर चिखलात उभा राहून संध्याकाळी तबल्यावर बसणारा माणूस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

‘मंग याच्यात नवं काय हाय, मास्तर? हिरोईनचं लुगडं सापडून नाई राह्यलं तं आपण हेच तं करतो.’

मला त्याचा फार राग आला. अडाणी माणूस, म्हटलं, याला कुठून कळणार. तो बरोबर बोलला होता हे कळायला मला कॅसेट काढावी लागली.

आता चाचांबद्दल. चाचा म्हणजे आमचे क्लॅरिनेटवाले. चंद्रपुरात त्यांचं स्टो आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचं दुकान होतं. बाप लग्नाच्या बँडमध्ये, आजाही बँडमध्ये. अंगावर कायम रॉकेलचा वास. पण क्लॅरिनेट तोंडाला लावली की समोरची दोन हजार माणसं तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळायची थांबत. मी अनेक वादकांची टिंगल केली आहे, बहुतेकांची तोंडावर केली आहे, पण चाचांच्या फुंकीबद्दल वाकडा शब्द काढायची माझी कधी हिंमत झाली नाही. ते पन्नास-साठ मैलांत दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं, आणि त्याची कुठेही नोंद नव्हती. नाटक संपलं, कनात उतरली, की वाजलेलं सगळं धानाच्या बांधीत विरून जायचं.

त्यात चाचांचे दात हलायला लागले होते. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या पुढच्या दातांवर टेकवून धरावं लागतं. ते दात गेले की फुंक सुटते, सूर धरवत नाही.

‘मास्तर, जे करायचं थे लवकर करा,’ चाचा मला म्हणाले. ‘हा दात माह्यं ऐकून नाई राह्यला. एकदा मशीनमधी भरून ठेवा. मंग पडला तं पडू द्या.’

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, ‘चाचा, कॅसेट तुमच्यासाठीच तर काढून राह्यलो.’ मी हे सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही सांगितलं, आणि मीही ते मानलं.

पावसाळ्याआधी एका सकाळी आम्ही तिघं एसटीनं नागपूरला गेलो. तबला मांडीवर, क्लॅरिनेट चाचांच्या उशीच्या अभ्र्यात, आणि माझा उसना कोट वर्तमानपत्रात गुंडाळलेला. स्टुडिओ म्हणजे साड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भिंतींना काथ्याच्या चटया ठोकलेल्या, मध्ये काच, काचेपलीकडे मशीन आणि मशीनपाशी मालक. हा माणूस सकाळी भजनं भरायचा, दुपारी खताच्या जाहिराती. तंबाखू मळत बोलायचा. मी त्याला पहिल्या पाच मिनिटांत निकालात काढलं. त्याला जाझ म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं, तर म्हणतो, ‘वाजवा ना मास्तर, वाजवल्यावर समजते.’ म्हटलं, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पाटीवर मात्र ‘अत्याधुनिक’ लिहिलं होतं.

पियानो मात्र होता. कुठल्याशा बंगल्याच्या लिलावातला. एक पट्टी दाबली की दोन सूर यायचे आणि एक दाबली की एकही नाही. मी तो नाकारायला हवा होता. पण कव्हरवर पियानो पाहिजे होता ना! मी रुबाबात बसलो आणि सुरुवात केली. दोन मिनिटांत मालकानं थांबवलं.

‘मास्तर, हे धप-धप काय येऊन राह्यलं?’

माझे पाय. पंधरा वर्षं ऑर्गनचा भाता मारलेले पाय पियानोखालीही भाता मारत होते. जाझचा म्होरक्या खालच्या खालीच सायकल चालवत होता. तबलजी खदाखदा हसला. मालकानं माझे जोडे काढायला लावले आणि पायांखाली सतरंजीची घडी घातली. कॅसेटवर ऐकू येत नाही, पण त्या तोऱ्यातल्या फोटोतही मी अनवाणीच आहे.

बाकीच्या चाली कशाबशा झाल्या. शेवटची राहिली, जिच्यासाठी हे सगळं होतं. नाटकात पडदा उघडण्याआधी चाचा जी चाल वाजवत, तीच ती. मी तिला जरा नटवलं होतं आणि नाव दिलं होतं ‘विमनस्क वनराई’. चाचांनी विमनस्क म्हणजे काय विचारलं. मलाही पुरतं माहीत नव्हतं. बेत असा होता: आधी चाल, मग चाचांची दोन आवर्तनं, थोडा तबला, आणि मग माझा पियानो, सर्वांत लांब. म्होरक्याला शोभेल एवढा.

चाल झाली. चाचांनी सुरू केलं. दोन आवर्तनं झाली, तिसरं लागलं. मी खूण करायला मान वर केली, तर त्यांचे डोळे मिटलेले. चौथ्यात त्यांनी असं काही केलं, की माझे हात आपोआप हलके झाले. मी त्यांच्यामागे फक्त आधाराला उरलो, जसा ऑर्गनवर असतो तसा. तबलजी पुढे झुकला. एवढ्यात काचेपलीकडे मालक उठला आणि त्यानं हात वर केला.

आम्ही तिघांनीही पाहिलं. चाचांनी तेवढ्यापुरता डोळा उघडला होता. हात वर आहे म्हणजे वाजवत राहायचं. आम्ही वाजवत राहिलो. मालकानं दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. तबलजीनं मान डोलावली, ‘समजलं’ अशी, आणि लय वाढवली. बिचाऱ्या मालकाचा काय घोळ झालाय कोण जाणे, आपण सांभाळून घेऊ, असंच मला वाटलं. आणि चाचा! चाचा त्या क्षणापासून जे वाजवायला लागले ते मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतर ऐकलं नाही. ते वर गेले, तिथं थांबले, आणि चालीतली सगळ्यात साधी जागा अशी वाजवली, की मला शाळेतून घरी आल्यावर चुलीपाशी बसलेली माझी आई दिसली. मी रडत होतो हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. मालक शेवटी दार उघडून आत आला, तेव्हा त्याचे हात खाली होते. मग आम्ही थांबलो.

‘भाऊ, रीळ संपलं ना!’ तो ओरडला. ‘कवाचं सांगून राह्यलो, थांबा म्हणून!’

आतमध्ये मशीनवर रिळाचं सुटलेलं टोक फटफट आपटत होतं.

चाचांनी क्लॅरिनेट खाली घेतली. तिच्या तोंडाला रक्त लागलं होतं आणि दात त्यांच्या तळहातावर होता. त्यांनी तो रुमालात बांधला, जसा आपण बसचं तिकीट ठेवतो, आणि म्हणाले, ‘हात पाहून वाजवलं, मास्तर. आदत हाय.’

मालकानं भरलेला भाग ऐकवला. निम्मं तर आलं होतं. चौथं आवर्तन होतं, पाचवं होतं, आणि पुढे चढत जात एकदम तुटलं होतं. तंबाखू मळणाऱ्या त्या माणसानं डोळे पुसले.

‘मास्तर, जेवढं आलं तेवढं ठेवा,’ तो म्हणाला. ‘शेवटी आवाज हळूहळू कमी करून देतो. कोणाले समजत नाई. पण हे सोडू नका.’

मी म्हटलं, ‘अर्धवट माल लोकांना देत नसतो आपण. परत घेऊ.’

परत घेतलं. दात नसलेल्या जागेतून चाचांची फुंक सुटत होती. त्यांनी दोनच आवर्तनं वाजवली, सांगितल्याप्रमाणे, दबकत, आणि बाजूला झाले. मग माझा पियानो आला, लांबच लांब, बिनचूक, जोडे काढून. शेवटी चालही वेळेवर संपली. मालक माझ्याकडे पाहत राहिला.

आठवड्यानं मी ठरवायला एकटाच गेलो. त्यानं दोन्ही रिळं लागोपाठ ऐकवली. मला दोन्हींतला फरक कळत होता. बहिऱ्यालाही कळला असता. पहिल्यात क्लॅरिनेट होती आणि मी कुठेच नव्हतो. दुसऱ्यात मी होतो. मी म्हटलं, दुसरं घ्या. त्यानं विचारलं, ‘मंग पहिलं पुसू काय? रीळ दुसऱ्या कामाले लागते.’

मी म्हटलं, ‘पुसा.’

या माणसाला मी पाच मिनिटांत निकालात काढलं होतं. साहेबांच्या बायकांना गाढव म्हणत होतो.

कॅसेट आली. आमच्याकडे तिची शोभा काय व्हायची ती झाली. क्लबात लावली तर एका साहेबांनी विचारलं, हे गाणं कधी सुरू होणार? झाडीपट्टीतल्या एका कंपनीनं प्रवेशांच्या मधे वाजवायला नेली आणि दुसऱ्या दिवशी परत केली. लोक म्हणे झोपले. मी सगळ्यांना नावं ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मला अख्खा चंद्रपूर जिल्हाच वाकडा दिसायला लागला.

चाचांना कॅसेट द्यायला मी त्यांच्या दुकानात गेलो. तोवर वरचे पुढचे चारही दात काढले होते. क्लॅरिनेट खिळ्याला टांगलेली होती, अभ्र्यासकट. त्यांनी एक स्टो बाजूला सारून टेप ठेवला आणि शेवटची चाल लावली. मान हलवत ऐकली. माझा पियानो आला तेव्हा म्हणाले, ‘तुमचा हात साफ आला, मास्तर.’ चाल संपली. मी बंद करायला हात पुढे केला तर त्यांनी आपला हात वर केला. मी थांबलो. रिकामी पट्टी सरसरत राहिली, आणि ते ऐकत राहिले.

मग त्यांनी विचारलं, ‘अन् ते पयलं?’

‘ते नाही राहिलं, चाचा,’ मी म्हटलं. ‘रीळ संपलं होतं ना.’

‘सगळंच गेलं?’

‘सगळंच.’

त्यांनी मान हलवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, जणू माझंच काही हरवलं होतं. ‘माहीच चूक हाय,’ म्हणाले. ‘तुमी माह्यासाठी एवढं केलं. त्यानं हात केला, अन् मले समजलंच नाई.’

त्यानंतर काही वर्षांनी मी त्यांच्या दुकानात गॅसबत्ती घेऊन गेलो होतो. समोर एक गिऱ्हाईक स्टो दुरुस्त होण्याची वाट पाहत बसलं होतं आणि चाचा पिन मारता मारता त्याला तीच गोष्ट सांगत होते. नागपूर, काच, वर केलेला हात. बोळक्या तोंडानं हसून सांगत होते. मास्तरनं माह्यासाठी कॅसेट काढली, अन् मीच गाढव, थांबलो नाई, सगळं रीळ माह्यापायी खराब झालं. गिऱ्हाइकाला काही ते पटेना. एवढं चांगलं वाजवलं, तर थोडं तरी आलं असेल ना, असं ते म्हणालं.

चाचांनी माझ्याकडे बोट केलं. ‘हे काय, मास्तर इथीच हायेत. यायलेच विचार ना.’

गिऱ्हाइकानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, ‘हो, काहीच आलं नाही.’